रिपोर्ट येईपर्यंत हीट निघून गेलेली असते, मग स्लॅग तपासायचा कशाला?

प्रश्न परभणीच्या एका तरुणाचा आहे. मेटलर्जीचा डिप्लोमा, जालन्याच्या एमआयडीसीत इंडक्शन भट्टीवर (विजेने धातू वितळवणारी) दोन वर्षं, आणि पुढच्या महिन्यापासून एका लहान ब्लास्ट फर्नेसवर (खनिजापासून लोखंड काढणारी भट्टी) नोकरी. त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. खनिजापासून धातू काढताना स्लॅगच्या, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळाच्या, घटकांवर लक्ष कसं ठेवायचं? लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत दोन-दोन तास जातात, तोवर मेटल लॅडलमध्ये (ओतून न्यायच्या भांड्यात) जाऊन पुढची हीट, म्हणजे पुढचा घाणा, लागलेली असते, मग त्या रिपोर्टचा उपयोग काय? आणि हातात धरायची एक्सआरएफ गन (एक्स-किरणांनी घटक मोजणारी) मिळते, ती नव्या ठिकाणी मागावी का?

गनकडे शेवटी येतो. आधी रिपोर्टच्या उशिराबद्दल बोलू, कारण ही सवय तुम्ही इंडक्शन भट्टीवरून सोबत घेऊन चालला आहात आणि ती तिकडे अडचणीची ठरेल.

इंडक्शन भट्टी हीटवर चालते. चार्ज (आत घालायचा माल) टाकला, वितळला, ओतला, संपलं. तिथे दोन तास म्हणजे एक अख्खी हीट. ब्लास्ट फर्नेस सलग चालते. वरून टाकलेलं खनिज आणि कोक खाली चुलीपर्यंत उतरायला साधारण सहा ते आठ तास घेतात. तुम्ही सकाळी आठला चुनखडी वाढवली तर तिचा परिणाम स्लॅगमध्ये दुपारी दिसणार. जिथे भट्टीच सहा-आठ तासांनी उत्तर देते तिथे दोन तासांनी आलेला रिपोर्ट उशिरा आला असं म्हणता येत नाही. खरा धोका उलटा आहे. हातात रिपोर्ट आला की माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर ज्याने चालवलाय त्याला हे कळेल. स्टिअरिंग फिरवलं तरी मागची ट्रॉली लगेच वळत नाही. वळली नाही म्हणून आणखी फिरवलं की ती वळते तेव्हा रस्ता सोडून वळते. स्लॅगचंही तसंच. बेसिसिटी (चुन्याचं सिलिकाशी प्रमाण) जरा खाली आली म्हणून चुना वाढवला, पुढच्या टॅपिंगला (भट्टीचं तोंड उघडून माल काढताना) फरक दिसला नाही म्हणून पुन्हा वाढवला, आणि रात्रपाळीला स्लॅग इतका घट्ट झाला की नळीतून ओघळेना. मी हे एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. एकदा तर मीच केलंय.

म्हणून माझा नियम असा: एका रिपोर्टवर चार्ज बदलायचा नाही. सलग तीन टॅपिंग एकाच दिशेने सरकले तर बदलायचा, आणि बदलल्यावर आठ तास हात बांधून बसायचं. अपवाद फक्त डोळ्यांना धडधडीत काहीतरी दिसलं तर. ते पुढे सांगतो.

आता शब्दांबद्दल थोडं. पुस्तकात स्लॅगला धातुमळी म्हणतात. पण आपल्याकडे मळी म्हटलं की साखर कारखाना आणि त्याचा वास आठवतो, म्हणून मी स्लॅगच म्हणतो. खनिजातली आणि कोकच्या राखेतली नको असलेली माती, म्हणजे मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना, एकट्याने वितळायला फार तापमान मागते. तिच्यात चुना आणि मॅग्नेशिया मिसळला की सगळं मिळून १४०० अंशांच्या आसपास पातळ होतं, धातूपेक्षा निम्म्याहून हलकं असल्यामुळे वर तरंगतं आणि वेगळं काढता येतं. चुना भागिले सिलिका म्हणजे बेसिसिटी. ब्लास्ट फर्नेसमध्ये ती साधारण १ ते १.२ च्या दरम्यान ठेवतात. वर गेली तर गंधक चांगलं निघतं, पण स्लॅग वितळायला जास्त उष्णता लागते. खाली गेली तर स्लॅग लवकर वितळतो, पोटॅश आणि सोडा बाहेर नेतो, पण गंधक धातूत राहतं. एकाला धरावं तर दुसरं सुटतं. फॉस्फरसबद्दल मात्र डोकं शिणवू नका. ब्लास्ट फर्नेसमध्ये आत गेलेला जवळजवळ सगळा फॉस्फरस धातूतच उतरतो, स्लॅग कितीही सुधारला तरी. तो खनिज खरेदी करतानाच अडवायचा.

भारतातल्या भट्ट्यांचं खास दुखणं म्हणजे अ‍ॅल्युमिना. आपल्या लोहखनिजात आणि कोकच्या राखेत तो भरपूर, त्यामुळे स्लॅगमध्ये १८ ते २० टक्क्यांपर्यंत सहज जातो आणि स्लॅग घट्ट होतो. उपाय म्हणून डोलोमाइट टाकून मॅग्नेशिया ८-१० टक्क्यांवर ठेवतात. नुसत्या बेसिसिटीच्या आकड्यावर भट्टी चालवणाऱ्यांना इथे ठेच लागते. बेसिसिटी १.०८ च आहे, पण अ‍ॅल्युमिना तीन टक्क्यांनी वाढलाय, तर तो स्लॅग कालचा राहिलेला नसतो.

पातळपणाची कल्पना यायला आपल्या पायाखाली बघा. मराठवाड्याचा काळा पाषाण, ज्यात वेरूळ कोरलंय, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला वितळलेला दगडच आहे. सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास, लोहाचे ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिना प्रत्येकी साधारण तेरा-चौदा, चुना जेमतेम दहा. चुना कमी असूनही तो इतका दूरवर पसरला, कारण त्यातला लोह आणि मॅग्नेशिया सिलिकाच्या साखळ्या तोडतात. सिलिका वितळली की तिच्या लांब साखळ्या तयार होतात आणि त्यांच्यामुळे द्रव चिकट होतो. चुना, मॅग्नेशिया, लोह आणि मँगनीज यांचे ऑक्साइड त्या साखळ्यांना कात्री लावतात. एवढं लक्षात राहिलं तरी अर्धं स्लॅगशास्त्र समजलं.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार ते म्हणजे नमुना. माझ्या अनुभवात स्लॅगचा रिपोर्ट चुकतो तेव्हा बहुतेक वेळा यंत्र बरोबर असतं आणि नमुना चुकीचा असतो. टॅपिंग सुरू होताना आलेला स्लॅग, मधला आणि शेवटचा, हे तिन्ही एकसारखे नसतात. नमुना घेणारा पोरगा साहजिकच उकाड्यातून लवकर सुटायचं म्हणून पहिल्या धारेतच चमचा घालतो. त्यापेक्षा वाहत्या धारेतून तीनदा घ्या, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, आणि किमान पहिला महिना तिन्ही वेगवेगळे तपासा. एकदा कळलं की मधला नमुना सरासरीच्या जवळ असतो तर मग फक्त मधला घ्या. पॉटमध्ये साचलेल्या स्लॅगवरची पपडी फोडून नमुना कधीच घेऊ नका. ती हवेला लागलेली असते, पटकन गोठलेली असते आणि तिच्यात धूळ-राख मिसळलेली असते. आणि चमचा असो की सळई, आधी तापवून कोरडी करा. ओली सळई वितळलेल्या धातूत गेली की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि सगळं अंगावर उडतं. पावसाळ्यात बाहेर ठेवलेली गंजकी सळईसुद्धा ओलीच समजायची.

घेतलेला नमुना जाड लोखंडी पाटावर पातळ ओता म्हणजे तो लवकर गोठेल. काचेसारखा गोठलेला आणि हळूहळू स्फटिक होऊन गोठलेला स्लॅग, दोन्हीचे घटक तेच असले तरी दाबून केलेल्या पेलेटवर एक्सआरएफ वेगवेगळे आकडे देतं. म्हणून रोज एकाच पद्धतीने गोठवायचा. मग फोडायचा, कणांचा ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन टाकायचे, असं करत हातात मूठभर उरेपर्यंत. नंतर ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका बारीक दळायचा.

यातलं एक काम फार लोक टाळतात. स्लॅगमध्ये धातूचे बारीक मणी अडकलेले असतात. एक्सआरएफला लोहाचा अणू दिसतो. तो धातूच्या मण्यातला आहे की ऑक्साइडमधला, हे त्याला कळत नाही. ते सगळ्याला ऑक्साइड धरून टक्केवारी छापतं. लोखंडाच्या स्लॅगमध्ये यावर उपाय सोपा: दळताना मध्ये थांबून पुडीवरून चुंबक फिरवा. कागदात गुंडाळलेलं चुंबक असेल तर मणी झटकायलाही सोपं.

फेरोमँगनीजला मात्र चुंबक उपयोगाचं नाही, आणि हे मी महागात शिकलो. नोकरीची पहिली वर्षं मी विदर्भात मँगनीजच्या आर्क भट्टीवर काढली. आमच्या स्लॅगमध्ये मँगनीज ऑक्साइड अचानक चढू लागला. चढला म्हणजे मँगनीज धातूत न उतरता स्लॅगमधून वाया चाललाय, असा सरळ अर्थ. म्हणून कोक वाढवला. कोक वाढला की भट्टीच्या पोटातला विजेचा रोध कमी होतो, ठरलेला करंट राखायला इलेक्ट्रोड वर उचलावे लागतात, उष्णता खाली राहायच्या ऐवजी वर सरकते. युनिट वाढले, वरून ज्वाळा यायला लागल्या, आणि रिपोर्ट काही सुधारेना. जवळजवळ दोन आठवडे आम्ही हेच करत होतो. शेवटी एका म्हाताऱ्या सॅम्पलरने दळलेली पूड बोटांत चोळून दाखवली: चमकणारे कण. धातूचे मणी. फेरोमँगनीज चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे आमचं चुंबक फिरवणं म्हणजे नुसता नवस होता. मणी स्लॅगपेक्षा उशिरा दळले जातात, म्हणून आधी चाळणीवर अडकतात. त्यांना तिथेच थांबवून वजन करून वेगळं ठेवायचं असतं. आमचा कामगार मात्र चाळणीवर राहिलेलं पुन्हा मिलमध्ये टाकून निष्ठेने दळत होता, कारण आम्हीच त्याला सांगितलं होतं की सगळं चाळणीतून गेलं पाहिजे. मणी वाढायचं कारण वेगळंच निघालं: स्लॅग घट्ट झाल्यामुळे धातू खाली बसायला वेळ मिळत नव्हता. म्हणजे अडचण होती, पण कोकची नव्हती. (जाता जाता: जास्त मँगनीज असलेला फेरोमँगनीजचा स्लॅग कुणी फेकत नाही. त्यात ३०-४० टक्के मँगनीज ऑक्साइड ठेवून तो सिलिकोमँगनीजच्या भट्टीला कच्चा माल म्हणून देतात.)

या मण्यांचा आणखी एक प्रताप. अचूकतेसाठी स्लॅगची पूड लिथियम बोरेटबरोबर प्लॅटिनमच्या भांड्यात हजार अंशांच्या वर वितळवून काचेची टिकली करतात. तिच्यात गोठण्याच्या पद्धतीचा आणि कणांच्या आकाराचा फरक पुसला जातो. पण पुडीत धातू राहिला असेल तर तो प्लॅटिनमशी मिश्रधातू करतो आणि भांड्याला भोक पडतं. प्लॅटिनमच्या भांड्याची किंमत ऐकली की लॅबवाले चुंबक आणि चाळणी कधी विसरत नाहीत. गंधकाचंही बघा: टिकली करताना आधी नीट ऑक्सिडाइज केलं नाही तर त्यातलं काही उडून जातं. गंधक वेगळ्या यंत्रावर, जाळून मोजलेलं बरं.

यंत्राबद्दल एकच पण आपल्या भागाची गोष्ट. जालना-परभणीचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, ४२-४३ अंश. वीज गेली, लॅबचा एसी बंद पडला, जनरेटरवर फक्त यंत्र चालू ठेवलं. त्या दिवशी सिलिका आणि अ‍ॅल्युमिना दोन्ही सरकतात, चुना आणि लोह मात्र जागेवर. कारण बऱ्याच एक्सआरएफ यंत्रांत सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम मोजायला पीईटी नावाचा स्फटिक असतो आणि तो उष्णतेने इतरांपेक्षा खूप जास्त प्रसरण पावतो. बेसिसिटीच्या भागाकारातला खालचा आकडा सिलिकाचा, म्हणजे भट्टीत काहीही न घडता बेसिसिटी हललेली दिसते. हे पकडायचा मार्ग साधा आहे. आपल्याच भट्टीचा वीस-पंचवीस किलो चांगला स्लॅग एकदा बारीक दळून, नीट मिसळून, दोन-तीन चांगल्या लॅबमधून ओल्या रसायनाने (यंत्राऐवजी द्रावण करून) तपासून ठेवा. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला त्याची पेलेट लावा. ती कालच्यासारखी वाचली गेली तरच आजच्या नमुन्यावर विश्वास ठेवा. विकतचा प्रमाणित नमुनाही हवा, पण रोजच्यासाठी घरचाच उत्तम, कारण तो तुमच्या स्लॅगसारखा असतो आणि संपायची भीती नसते.

रिपोर्ट हातात आला की सगळ्यात आधी बेरीज करा. सगळे ऑक्साइड मिळून ९८ ते १०१ च्या दरम्यान आले पाहिजेत. ९३ आली तर काहीतरी मोजायचं राहिलंय. १०४ आली तर बहुधा धातूचे मणी ऑक्साइड म्हणून मोजले गेलेत, कारण हिशेबात ऑक्सिजन फुकटचा जोडला जातो. काही यंत्रं बेरीज आपोआप १०० करून छापतात. ती सोय बंद करून ठेवा. चूक दिसायची एकुलती एक खिडकी ती बुजवते.

आता हिशेब. स्लॅगचे आकडे एकेकटे वाचायचे नसतात, आत गेलेल्या मालाशी ताडून बघायचे असतात. मी वापरतो तसं एक उदाहरण देतो. आकडे सोयीचे धरलेत. एक टन धातूसाठी १६०० किलो खनिज, त्यात सिलिका ४ टक्के म्हणजे ६४ किलो, अ‍ॅल्युमिना २ टक्के म्हणजे ३२ किलो. कोक ६०० किलो, राख १३ टक्के म्हणजे ७८ किलो. राखेत साधारण निम्मी सिलिका, म्हणून ४० किलो, आणि पाव भाग अ‍ॅल्युमिना, म्हणून २० किलो. सिलिका एकूण १०४. त्यातली काही सिलिकॉन होऊन धातूत जाते: धातूत ०.७ टक्के सिलिकॉन असेल तर ७ किलो, म्हणजे १५ किलो सिलिका. उरली ८९. लॅब म्हणते स्लॅगमध्ये सिलिका ३४ टक्के, तर स्लॅगचं वजन ८९ भागिले ०.३४, म्हणजे २६२ किलो. अ‍ॅल्युमिना धातूत जात नाही, ५२ किलोच्या ५२ किलो स्लॅगमध्ये, म्हणजे १९.८ टक्के दिसला पाहिजे. लॅबने १९.५ दिला तर छान. १६ दिला तर? एकतर नमुना चुकला, किंवा खनिजाच्या ज्या ढिगाचा रिपोर्ट तुम्ही धरलाय तो ढीग भट्टीत जातच नाहीये, किंवा वजनकाटा खोटं बोलतोय. यातलं कुठलंही असलं तरी चुना वाढवणं हा उपाय नाही. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांचा आहे. मी रोज सकाळी चहासोबत करतो, अजूनही, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्यातून काहीतरी सापडतंच. एकदा डोलोमाइटच्या नावाखाली आलेल्या ट्रकमध्ये साधी चुनखडी होती.

चुन्याबद्दल पावसाळ्यात विशेष सावध राहा. चुनखडी टाकत असाल तर फार फरक पडत नाही, पण कळीचा चुना वापरत असाल तर तो हवेतली ओल पिऊन फुलतो आणि त्याची फक्की होते. वजनात आता पाणीही आलं. १०० किलो टाकला असं लॉगबुकात लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात गेलेला चुना त्याहून बराच कमी. दरवर्षी जून-जुलैत कुणीतरी विचारतं की बेसिसिटी आपोआप का घसरतेय.

डोळ्याने काय दिसतं ते आता. हा भाग पुस्तकात कमी आणि भट्टीवर जास्त मिळतो. सळई स्लॅगमध्ये बुडवून वर काढा आणि धार बघा. आम्लधर्मी, म्हणजे जास्त सिलिकाचा स्लॅग लांब तार सोडतो. चुना जास्त असलेला थेंबाथेंबाने तुटून पडतो. जालन्याला आमच्याकडे घनसावंगीकडचा एक मेल्टर होता, घरची परंपरा गुऱ्हाळाची. तो म्हणायचा, “साहेब, एकतारी पाक आलाय, चुना मागतोय.” दहातले आठ वेळा त्याचं आणि लॅबचं जुळायचं. फरक एवढाच की त्याचा अंदाज सळई थंड व्हायच्या आत मिळायचा.

रंग गोठल्यावर बघायचा. लोखंडाच्या ब्लास्ट फर्नेसचा चांगला स्लॅग फिकट, करडा किंवा मळकट पांढरा असतो. काळा चकचकीत झाला म्हणजे त्यात लोहाचा ऑक्साइड शिल्लक राहिलाय, म्हणजेच भट्टी थंड पडतेय. मघाशी अपवाद म्हणालो तो हा: फिकट स्लॅग एका टॅपिंगमध्ये काळा पडला तर लॅबची वाट बघत बसायचं नाही, ताबडतोब फोरमनला उठवायचं. मँगनीज हिरव्या छटा आणतो. चुना फार जास्त असलेला स्लॅग थंड होताना स्वतःहून फुटून भुकटी होतो. त्यातलं डायकॅल्शियम सिलिकेट थंड होताना रचना बदलतं आणि दहा-बारा टक्क्यांनी फुगतं. लॅडल फर्नेसच्या (पोलाद शुद्ध करायच्या भट्टीच्या) स्लॅगच्या ढिगावर सकाळी पांढरी-करडी धूळ दिसते ती हीच. ब्लास्ट फर्नेसच्या स्लॅगने असं केलं तर चुना नक्कीच डोक्यावरून गेलाय.

पण डोळाही ताळ्यावर ठेवावा लागतो. रोज आपला अंदाज आधी वहीत लिहा, मग रिपोर्ट बघा. उलटं केलंत तर डोळा काही शिकत नाही, फक्त रिपोर्टला माना डोलावतो.

तुमच्या आत्ताच्या इंडक्शन भट्टीबद्दल दोन शब्द, कारण जालन्याचे बरेच वाचक तिथलेच असतील. तिथे सिलिकाचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, असतं. म्हणजे वर केलेला सिलिकाचा हिशेब तिथे चालत नाही. भट्टीची भिंतच विरघळून स्लॅगमध्ये येत असते. तिथे अ‍ॅल्युमिना धरून हिशेब करा. स्पंज आयर्नच्या (वितळवायला टाकलेल्या सच्छिद्र लोखंडाच्या) मातीतला अ‍ॅल्युमिना माहीत असतो, त्यावरून स्लॅगचं वजन काढा, मग स्पंजमधून किती सिलिका यायला हवी होती ते बघा. त्याहून जास्त आलेली सिलिका म्हणजे तुमचं लायनिंग. कुठल्या हीटला भिंत किती झिजली हे पॅच मारायच्या आधी असं कागदावर कळतं. त्या भट्टीत चुना टाकून फॉस्फरस काढायचा प्रयत्न कृपा करून करू नका. फॉस्फरसला चुना आणि लोहाचा ऑक्साइड दोन्ही हवेत, आणि सिलिकाची भिंत नेमकी या दोघांनाच खाऊ घातली जाते.

आणि लोहाच्या ऑक्साइडकडे पैशाच्या नजरेने बघा. दहा टनांच्या हीटला एक टन स्लॅग निघत असेल आणि त्यात ऑक्साइड २२ टक्के असेल, तर २२० किलो ऑक्साइड म्हणजे १७१ किलो लोखंड स्लॅगबरोबर बाहेर गेलं. थोडा कार्बन वेळेवर देऊन ते १५ टक्क्यांवर आणलं आणि स्लॅग तेवढाच धरला, तर हीटमागे ५४ किलो वाचतं. दिवसाला बारा हीट धरा: साडेसहाशे किलो. मालकाशी बोलताना बेसिसिटी, विष्यंदिता (चिकटपणा) वगैरे काढू नका, हा आकडा सांगा. इथे धातूचे मणी आणि ऑक्साइड वेगळे मोजणं फार महत्त्वाचं, कारण मणी स्लॅग फोडून चुंबकाने परत मिळतात, ऑक्साइड मिळत नाही. वेगळे मोजायला ओलं रसायनच लागतं. डायक्रोमेटचं टायट्रेशन जुनं झालंय म्हणून नव्या पोरांना शिकवत नाहीत, ही मला खटकणारी गोष्ट आहे. एक ब्युरेट आणि जरा सवय, एवढंच तर हवं.

तांबं, शिसं यांची तऱ्हा निराळी, तिथे थोडक्यात उरकतो. तांब्याच्या स्लॅगमध्ये चुना मुख्य नसतो. लोह आणि सिलिका यांचं गुणोत्तर बघतात, आणि खरा वैरी मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचा चुंबकीय ऑक्साइड. तो वाढला की स्लॅग घट्ट होतो आणि तांब्याचे थेंब वरच अडकतात. एक्सआरएफला मॅग्नेटाइटही वेगळा दिसत नाही, लोह ते लोहच. म्हणून तिथे चुंबकत्व मोजणारं वेगळं यंत्र ठेवतात. पुढे कधी तिकडे गेलात तर पहिल्याच दिवशी ते कुठे आहे विचारा.

आता गन. हलक्या मूलद्रव्यांसाठी ती कमजोर असते. मॅग्नेशिया तर तिला नीट दिसतच नाही, अ‍ॅल्युमिना आणि सिलिकाही पृष्ठभाग सपाट, कोरडा आणि स्वच्छ असेल तरच काही प्रमाणात. स्लॅगच्या खडबडीत तुकड्याला टेकवून आलेला आकडा म्हणजे त्या तुकड्याच्या सालीचा आकडा. स्क्रॅपच्या यार्डात मिश्रधातू ओळखायला ती झकास आहे, तिथे मी स्वतः वापरतो. स्लॅगसाठी मागू नका. त्याच पैशाच्या अंशात दळायची मिल नवी येईल. नव्या ठिकाणी गेल्यावर लॅबमध्ये आधी मिलचं भांडं उघडून आतली रिंग बघा. झिजून तिच्या कडा गोल झाल्या असतील, तर पूड बारीक व्हायला दुप्पट वेळ लागतोय आणि रिंगचं लोखंड आणि क्रोमियम रोज नमुन्यात उतरतंय. शुद्ध क्वार्ट्झ दळून तीच पूड एक्सआरएफवर लावा. त्यात लोह दिसलं तर ते कुणाचं, हे वेगळं सांगायला नको. भट्टीवर गेलात की पहिल्याच आठवड्यात एवढं करून बघा आणि काय निघालं ते कळवा.